जुन्या एमपीथ्रींच्या टॅगमधलं मराठी कचरा झालंय, शिवाय स्कॅन केलेल्या फोटोंच्या तारखा... ओपन सोर्स टूल सुचवा

मिरजकर_तंबोरा

नमस्कार मंडळी. बाबांकडे कॅसेटींचा बराच मोठा साठा होता, नाट्यगीतं, अभंग, सप्ताहातली कीर्तनं, थोडं रेडिओवरून टेप केलेलं. ते सगळं आतेभावाने २००५ ते २०१० च्या दरम्यान टप्प्याटप्प्याने एमपीथ्री करून दिलं होतं, कधी कॉलेजच्या कॉम्प्युटरवर, कधी सायबरमध्ये, कधी घरी. आणि भावाने नुसतं कन्व्हर्ट नाही केलं तर प्रत्येक फाइलच्या टॅगमध्ये, म्हणजे आतल्या माहितीच्या खान्यांत, गाण्याचं नाव, गायक, राग वगैरे मराठीत भरलंय. आता ती हार्ड डिस्क नवीन लॅपटॉपला लावली तर प्लेअरमध्ये चार प्रकारची गंमत दिसते. काही फाइली एकदम व्यवस्थित. काहींत नुसती प्रश्नचिन्हं. काहींत डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, मग येनचं चिन्ह, परत तोच ए, अशी लांबच लांब माळ. आणि काहींत सरळ एबीसीडी आहे पण वाचून अर्थ शून्य.

माझ्याकडे लिनक्स मिंट आहे, बायकोच्या लॅपटॉपवर विंडोज. शक्यतो मुक्त सॉफ्टवेअर हवंय, म्हणजे उद्या कंपनीने गाशा गुंडाळला तरी माझं काम अडायला नको. फाइली हजाराच्या वर आहेत त्यामुळे एकेक उघडून टाइप करणं शक्य नाही.

दुसरं, त्याच डिस्कवर घरचे जुने फोटो स्कॅन करून ठेवलेत. ७०-८० सालचे. पण गॅलरीत सगळे स्कॅन केल्याच्या दिवशी काढलेले दिसतात, म्हणजे आजी-आजोबांचं लग्न २०१३ साली झालं असं मोबाइलचं म्हणणं आहे. त्यालाही काही इलाज आहे का?

---

पोहे_बिनशेंगदाणे

म्युझिकब्रेन्झ पिकार्ड टाका, सगळा फोल्डर ओढून आत सोडा, स्कॅनचं बटण दाबा, चहा पिऊन या. विषय संपला.

---

टर्मिनल_तात्या

पोहे, विषय संपणार नाही, वाढेल. पिकार्ड उत्तम आहे, मी स्वतः वापरतो, पण ते कशासाठी आहे ते आधी बघा. ते गाण्याच्या आवाजाचा ठसा काढतं, अकॉस्टआयडी म्हणतात त्याला, आणि तो ऑनलाइन डेटाबेसशी जुळवतं. आता सप्ताहात टेप केलेलं कीर्तन कुठल्या डेटाबेसमध्ये असणार? आणि बाजारात मिळालेली कॅसेट असली तरी टेपरेकॉर्डर जरा हळू किंवा जोरात फिरला असेल तर सूर सरकतो, पुरेसा सरकला की ठसा जुळत नाही. वर भावाने हाताने भरलेली माहिती आहे तिच्यावर पिकार्डने दुसरंच काही लिहून ठेवलं तर मूळ गेलंच. त्यामुळे ते सगळ्यात शेवटी, आणि फक्त विकत घेतलेल्या कॅसेटींच्या फोल्डरवर.

मिरजकर, तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर असं की टूल नंतर, आधी कचरा कोणत्या जातीचा आहे ते ओळखा. तुम्ही तीन वेगवेगळे रोग सांगितलेत आणि तिघांचं औषध वेगळं आहे. एकाचं औषध दुसऱ्याला दिलंत तर जे वाचण्यासारखं आहे तेही जाईल.

पहिला, तिरकी रेघवाला ए. हा सगळ्यात बरा. मजकूर युनिकोडच आहे (सगळ्या लिप्यांची सामाईक पद्धत), यूटीएफ-८ म्हणजे ते फाइलीत साठवायच्या एका प्रकारात लिहिलेला, पण टॅगवर चिठ्ठी लागली आहे की 'हे लॅटिन-१ आहे', म्हणजे रोमन अक्षरांचा जुना प्रकार. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटचं असतं, आणि त्यातला पहिला बाइट कायम तोच असतो, म्हणून तुम्हाला तो ए सारखा सारखा दिसतोय. दुसऱ्या बाइटचं कधी येनचं चिन्ह होतं, कधी एक छोटं चार काट्यांचं वर्तुळ. बाइट सगळे जागेवर आहेत, फक्त वाचणारा चुकतोय. हे परत मिळतं.

दुसरा, प्रश्नचिन्हं. कुठल्यातरी प्रोग्रामने मराठी अक्षरं इंग्रजी कोडपेजमध्ये (फक्त रोमन अक्षरांचा तक्ता) कोंबायचा प्रयत्न केला, जागा मिळाली नाही, म्हणून प्रत्येक अक्षराच्या जागी खरोखरचं प्रश्नचिन्ह लिहून सेव्ह केलं. यातून काही परत येत नाही, कोणी कितीही जादूचं टूल सांगू दे. पण एक आशा असते. एमपीथ्रीत दोन टॅग एकदम असू शकतात. जुना आयडीथ्री व्ही१, फाइलच्या शेवटच्या १२८ बाइटमध्ये बसतो, आणि नवीन व्ही२, फाइलच्या सुरुवातीला. बऱ्याचदा एकात प्रश्नचिन्हं आणि दुसऱ्यात धडधाकट मराठी असं असतं आणि प्लेअर नेमका वाईट वाचतो. दोन्ही बघितल्याशिवाय रडू नका.

तिसरा, एबीसीडी. हा आपला खास महाराष्ट्रातला आजार. २००५ च्या आसपास बरेच जण श्रीलिपी, कृतिदेव, आयएसएममधले योगेश-सुरेख असले फॉन्ट वापरत होते. त्यात फाइलमध्ये रोमनच अक्षरं असतात, फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. कृतिदेवमध्ये 'मराठी' लिहिलं की आत ई, जे, के, बी, एच एवढंच बसतं. टॅगमध्ये फॉन्ट जात नाही त्यामुळे नुसती हाडं उरतात. याला फॉन्ट कन्व्हर्टर लागतो, आणि प्रत्येक फॉन्टचा नकाशा वेगळा, श्रीलिपीचा कन्व्हर्टर कृतिदेवला चालत नाही.

तर पहिल्या जातीसाठी: म्युटाजेन नावाची पायथॉन लायब्ररी आहे, क्वॉड लिबेट या प्लेअरच्या मंडळींनी केलेली, मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्येच मिळते. तिच्यासोबत मिड-थ्री-आयकॉन्व्ह नावाची छोटी कमांड येते. तिला एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ सांगायचं आणि पहिल्यांदा ड्राय-रन लावायचं, म्हणजे ती काहीही सेव्ह न करता नुसतं काय बदलेल ते दाखवते. स्क्रीनवर मराठी दिसलं तर मग खरं चालवा. जे टॅग तिला उलगडत नाहीत ते ती तसेच सोडते, त्यामुळे आधीच बरोबर असलेल्या मराठी टॅगना धक्का लागत नाही.

आणि हे सगळं डिस्कच्या कॉपीवर करा. मूळ डिस्क कपाटात.

---

रेवा_रेवा

तात्यांनी कमांड सांगितली पण ज्यांना काळी खिडकी बघून घाम फुटतो त्यांच्यासाठी किड-थ्री. केडीई या लिनक्स डेस्कटॉपवाल्यांचं आहे पण विंडोज, मॅक सगळीकडे चालतं, जीपीएल या मुक्त लायसन्सखाली आहे. त्यात टॅग १ आणि टॅग २ वेगवेगळ्या चौकटीत दिसतात, त्यामुळे तात्या म्हणतात ते "एकात प्रश्नचिन्हं दुसऱ्यात मराठी" लगेच कळतं, आणि एका बटणात इकडचं तिकडे कॉपी होतं. शेकडो फाइली एकदम सिलेक्ट करून एकच गायक भरता येतो, फाइलच्या नावावरून टॅग भरता येतात, टॅगवरून नाव देता येतं.

आणि मिरजकर, मेन म्हणजे ते सगळे टॅग सीएसव्ही (साध्या टेक्स्टमधला तक्ता) करून बाहेर काढतं, आणि दुरुस्त केलेली सीएसव्ही परत आत घेतं. माझ्या मते हजार फाइलींचं काम असंच करायचं. एका शीटमध्ये सगळं समोर असलं की चुका डोळ्यांना दिसतात, सॉर्ट केलं की 'भीमसेन जोशी', 'पं. भीमसेन जोशी', 'पंडित भीमसेन जोशी' अशा तीन ओळी एकाखाली एक येतात, नाहीतर प्लेअरमध्ये ते तीन वेगळे गायक होतात. फक्त ती सीएसव्ही एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडू नका, ते कित्येकदा यूटीएफ-८ ओळखत नाही आणि तुम्ही मेहनतीने दुरुस्त केलेलं परत त्या एच्या माळेत जातं. लिबरऑफिस कॅल्क उघडताना एन्कोडिंग विचारतं, तिथे यूटीएफ-८ निवडा.

एमपीथ्रीटॅग पण चांगलं आहे, विंडोजवर फुकट आहे, त्यात कोडपेज बदलायची सोय पण आहे, पण सोर्स खुला नाही आणि तुम्ही ती अट घातली आहे म्हणून नुसता उल्लेख करते.

अजून एक, जे मराठीवाल्यांनाच भेडसावतं. 'ॲ' हे अक्षर दोन प्रकारे टाइप झालेलं असतं. युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली, त्याआधी लोक अ, मध्ये एक अदृश्य जोडणारं चिन्ह, आणि वर चंद्र असं लिहायचे. दिसायला सेम टू सेम. पण सर्च केलं की एक सापडतं दुसरं नाही. 'दऱ्या'मधल्या अर्ध्या र चं पण तेच, ऱ वापरून एक आणि साध्या र ला अदृश्य चिन्ह जोडून दुसरं. युनिकोड नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) म्हणून जे असतं त्याने पण हे एक होत नाहीत. कॅल्कमध्ये फाइंड-रिप्लेस मारून एकच पद्धत ठेवा.

---

मिरजकर_तंबोरा

तात्या, रेवाताई, खूप खूप आभार. ड्राय-रन केलं. बऱ्याच फाइलींत अस्सल मराठी दिसायला लागलं, बाबांना दाखवलं तर खूश. पण एक फोल्डर असा आहे की तिथे कमांड काहीच करत नाही, शांतपणे सोडून देते. त्यातला कचरा जवळपास तसाच दिसतो पण मध्ये मध्ये युरोचं चिन्ह पण आहे. हे काय नवीन?

आणि किड-थ्रीमध्ये बघितलं तर काही प्रश्नचिन्हवाल्या फाइलींत टॅग १ मध्ये मराठी सापडलं!! पण अर्धवट, दहा अक्षरांनंतर तुटलेलं.

---

टर्मिनल_तात्या

दहाचं कारण सोपं आहे. व्ही१ टॅगमध्ये गाण्याच्या नावाला ३० बाइट, गायकाला ३०, अल्बमला ३०. १९९६ साली ज्याने हे ठरवलं त्याच्या डोक्यात इंग्रजी होतं. मराठीचं चिन्ह ३ बाइटचं, म्हणजे १० चिन्हं, आणि काना-मात्रा-हलंत सगळं वेगळं मोजलं जातं. 'ज्ञानेश्वर' एवढा एक शब्दच १० चिन्हांचा होतो, पुढे 'माउली' लिहायला जागा नाही. तरी आद्याक्षरं मिळाली हे काय कमी आहे, त्यावरून बाबा पूर्ण नाव सांगतील.

आता युरो. हा फार मस्त पुरावा आहे. म्हणजे तो मजकूर लॅटिन-१ म्हणून नाही तर विंडोज-१२५२ म्हणून वाचला गेलाय. दोन्ही जवळपास सारखे, फरक फक्त ८० ते ९एफ या हेक्स (१६ च्या पायातल्या आकड्यांच्या) पट्ट्यात. लॅटिन-१ मध्ये तिथे अदृश्य कंट्रोल कॅरेक्टर, १२५२ मध्ये युरो, गोल अवतरणचिन्हं, लांब डॅश असलं. दीर्घ ई ची वेलांटी, म्हणजे 'गाणी'मधली, तिचा शेवटचा बाइट नेमका ८०, आणि १२५२ मध्ये ८० म्हणजे युरो. मिड-थ्री-आयकॉन्व्ह मजकूर परत लॅटिन-१ मध्ये बसवायला बघते, युरो तिथे बसत नाही, म्हणून ती सोडून देते. कमांडचं बरोबरच आहे.

इथे एक वाईट बातमी असू शकते. १२५२ मध्ये पाच जागा रिकाम्या आहेत, ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. आणि आपलं नशीब बघा, हलंताचा शेवटचा बाइट ८डी, ऱ्हस्व उकाराचा ८१, 'ए' अक्षराचा ८एफ. ज्या प्रोग्रामने ते बाइट गुपचूप तसेच पुढे ढकलले त्याच्या फाइली पूर्ण सुधारतील. ज्याने टाकून दिले त्याच्या फाइलींत हलंत नाहीत, म्हणजे जोडाक्षरं फुटलेली आणि उकार गायब. 'पुण्य'मधून फक्त प, ण, य उरतात.

यासाठी एफटीएफवाय नावाची पायथॉन लायब्ररी बघा. असल्या एकावर एक झालेल्या गोंधळासाठीच लिहिलेली आहे, आणि तिच्यात १२५२ ची एक 'ढिली' आवृत्ती आहे जी त्या रिकाम्या जागांचे बाइट चालवून घेते. किड-थ्रीतून सीएसव्ही काढा, एफटीएफवायच्या कमांडमधून पास करा, कॅल्कमध्ये नजरेखालून घाला, परत आत घ्या. रेवाताईंचा शीटचा रस्ता इथे बरोबर बसतो.

सेव्ह करताना कुठल्या प्रकारात हेही ठरवा. आयडीथ्री २.३ मध्ये मराठीसाठी यूटीएफ-१६ लागतं, २.४ मध्ये यूटीएफ-८ पण चालतं. २.४ आलं २००० साली, पण विंडोज ७ च्या एक्सप्लोररला ते वाचता येत नाही आणि जुन्या प्लेअरांची पण तीच रड. मी २.३ यूटीएफ-१६ ठेवतो. आणि ते व्ही१ टॅग, त्यातून माहिती काढून झाली की उडवा, पुढे भांडणाचं मूळ तेच.

---

पोहे_बिनशेंगदाणे

मान्य, पिकार्ड मागे घेतो 😄 पण मग सगळं एफएलएसी (आवाज न घटवता साठवणारा प्रकार) का नाही करून टाकत, तिथे हा एन्कोडिंगचा घोळच नसतो ना?

---

टर्मिनल_तात्या

घोळ नसतो खरं, एफएलएसीचे टॅग कायम यूटीएफ-८ च. पण एमपीथ्रीतून एफएलएसी केलं तर गेलेला आवाज परत येत नाही, फक्त फाइल फुगते. कॅसेटी अजून असतील आणि वाजत असतील तर त्या नव्याने थेट एफएलएसीत घ्या, तो वेगळा विषय.

आणि पिकार्ड पूर्ण मागे घेऊ नका हो. त्यामागचा म्युझिकब्रेन्झ प्रकल्प जपण्यासारखा आहे. सीडीडीबी म्हणून एक डेटाबेस होता, जगभरच्या लोकांनी आपापल्या सीडींची गाणी टाइप करून त्यात भरली, आणि मग तीच गोष्ट ग्रेसनोट नावाची कंपनी झाली आणि लोकांनी भरलेल्या माहितीवर लायसन्स लागलं. त्याच्या रागातून म्युझिकब्रेन्झ उभा राहिला, त्याचा मूळ डेटा सीसी झिरोखाली आहे म्हणजे कोणी कुलूप लावू शकत नाही. सीडीडीबीची दुसरी मुक्त कॉपी फ्रीडीबी २०२० ला बंद पडली. मिरजकर, तुमच्याकडे विकतच्या कॅसेटींची कव्हरं असतील, त्यावर गीतकार-संगीतकार-वादक सगळे छापलेले असतात, ते तिथे भरलंत तर पुढच्या माणसाला पिकार्ड खरंच चहा पिता पिता उत्तर देईल.

---

कीर्तनवेडा

धागा वाचतोय, मस्त चाललाय. मी कीर्तनांपुरतं सांगतो कारण तिथे नुसता टॅग भरून भागत नाही. दोन-दोन तासांची एक फाइल असते, नमन, पूर्वरंग, मध्यंतरातला बुक्का-हार, उत्तररंग, शेवटी आरती. ऐकणाऱ्याला थेट आख्यान हवं असतं. मी फाइल तोडत नाही, चॅप्टर टाकतो. एमकेव्ही-टूलनिक्समध्ये एमपीथ्री ओढायची, चॅप्टर एडिटरमध्ये वेळ आणि नाव लिहायचं, आणि एमकेए म्हणून सेव्ह. आवाज परत एन्कोड होत नाही, आहे तसा नव्या डब्यात जातो. नंतर नाव चुकलं असं लक्षात आलं तर त्याच्याबरोबर एमकेव्ही-प्रॉपएडिट येतं, ते जागच्या जागी बदलतं, पूर्ण फाइल परत लिहायला लागत नाही. एफएफएमपेग या कमांडवरच्या ऑडिओ-व्हिडिओ टूलने पण होतं, त्याला एक साधी टेक्स्ट फाइल द्यायची, सुरुवात, शेवट मिलिसेकंदात आणि चॅप्टरचं नाव, पण मला मिलिसेकंदांचा कंटाळा आहे.

दुसरं म्हणजे खाने. बहुतेक लोक गायकाच्या खान्यात सगळी नावं कोंबतात. आयडीथ्रीमध्ये संगीतकाराला वेगळा खाना आहे, गीतकाराला वेगळा आहे. राग-ताल यांना नाहीये, पण किड-थ्रीमध्ये स्वतःचा खाना बनवता येतो, त्याला 'राग' नाव द्या. एफएलएसीमध्ये मात्र खान्याचं नाव रोमनमध्येच लागतं, आतला मजकूर खुशाल देवनागरी. माझ्याकडे सगळे भैरवी एका क्लिकवर येतात, शेवटाला लावायला बरं 🙂

---

एडिसनची_वारी

फोटोंचं कोणी बोलत नाहीये म्हणून मी. न्यू जर्सीत असतो, इकडे येऊन आईकडचे अल्बम स्कॅन केले तेव्हा हेच सगळं केलं.

फोटोच्या आतली माहिती वाचायला-बदलायला एक्झिफटूल घ्या. पर्लमध्ये लिहिलेलं, कॅनडातल्या फिल हार्वे यांनी २००३ पासून सांभाळलेलं, मुक्त आहे. कमांड लाइनवरचं आहे पण त्याला तोड नाही. फक्त एक लक्षात ठेवा, ते एमपीथ्रीचे टॅग वाचतं, लिहीत नाही, त्यामुळे गाण्यांसाठी त्याच्या नादी लागू नका, एमकेव्हीचं पण तसंच.

फोटोत तारखांचे तीन खाने असतात. एक फोटो कधी काढला, एक कधी डिजिटल झाला, आणि एक फाइल शेवटची कधी बदलली. स्कॅन केलेल्या फोटोसाठी हे एकदम चपखल आहे, 'डेटटाइम ओरिजिनल'मध्ये लग्नाची तारीख, आणि 'क्रिएटडेट'मध्ये स्कॅनची तारीख तशीच राहू द्या, ती खरीच आहे. म्हणून सगळीकडे सांगतात तो ऑलडेट्स शॉर्टकट इथे वापरू नका, तो तिन्ही खाने एकदम बदलतो. तो शॉर्टकट कशासाठी, तर कॅमेऱ्याचं घड्याळच चुकलं असेल तर. आईबाबा इकडे आले होते तेव्हा त्यांच्या कॅमेऱ्याचं घड्याळ भारताच्या वेळेवरच राहिलं, उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक, हिवाळ्यात साडेदहा, तेव्हा ऑलडेट्समधून तेवढे तास वजा करा म्हटलं की सगळा फोल्डर एका फटक्यात जागेवर.

पूर्ण तारीख आठवत नसेल तर? एक्झिफच्या (कॅमेरा फोटोत लिहितो ती माहिती) खान्यात एक्झिफटूल पूर्ण तारीख-वेळ मागतं. एक्सएमपीमध्ये (फोटोत माहिती ठेवायचा दुसरा प्रकार) मात्र नुसतं १९७४ किंवा १९७४-०५ एवढंच लिहिलेलं चालतं. मी एक्सएमपीमध्ये खरं तेवढंच लिहितो आणि एक्झिफमध्ये १ जानेवारी टाकतो म्हणजे गॅलरीत निदान क्रमाने येतात, आणि कॅप्शनमध्ये 'अंदाजे' असं लिहून ठेवतो, नाहीतर पुढची पिढी १ जानेवारीला सगळ्यांचं लग्न लागलं समजेल.

मराठी कॅप्शन आणि कीवर्ड एक्सएमपीतच ठेवा, ते यूटीएफ-८ आहे. जुना आयपीटीसी प्रकार आहे त्यात कीवर्डला ६४ बाइटची मर्यादा, 'अण्णांच्या साठीशांतीचा' एवढं जेमतेम मावतं आणि पुढचा 'समारंभ' कापला जातो. हाताने भरायला डिजिकॅम बरं, तेही केडीईचं, चेहरे ओळखतं, अल्बमचे अल्बम टॅग करता येतात. फक्त सेटिंगमध्ये जाऊन बघा की माहिती फोटोच्या फाइलमध्ये लिहिली जातेय, नुसती त्याच्या डेटाबेसमध्ये राहिली तर फाइल दुसरीकडे गेल्यावर रिकामी.

एक्झिफटूल लिहिताना मूळ फाइलची कॉपी नावापुढे 'अंडरस्कोर ओरिजिनल' लावून ठेवतं. इंटरनेटवरच्या निम्म्या कमांडींत ती कॉपी बंद करायचा पर्याय घुसवलेला असतो, कारण फोल्डर घाण दिसतो म्हणे. सुरुवातीला दिसू दे घाण.

---

गोव्याचो_पाव

मध्येच घुसतोय. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंचं काय करायचं, त्यात तर काहीच माहिती नसते. आणि माझे व्हिडिओ सगळे साडेपाच तास मागे दिसतात, एक तर चक्क १९०४ सालचा आहे!

---

एडिसनची_वारी

फोटो म्हणून पाठवला की एक्झिफ निघून जातं, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहतं, पुढच्या वेळी घरच्यांना तसं सांगा. आलेल्यांच्या नावात तारीख असते, पण ती फोटो पोचल्याची, काढल्याची नव्हे. लग्नाचे फोटो दोन महिन्यांनी फॉरवर्ड झाले तर नावात दोन महिन्यांनंतरचीच. तरी काहीच नसण्यापेक्षा बरं, एक्झिफटूल फाइलच्या नावातून तारीख उचलू शकतं. फक्त नावातले डब्ल्यूएच्या पुढचे आकडे ते तास-मिनिटं समजायची शक्यता असते, तो भाग आधी कापा.

साडेपाच तासांचं: एमपीफोरच्या नियमाप्रमाणे आतली वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, लिहायची असते. मोबाइल तसं लिहितो, आणि बघणारा प्रोग्राम तीच स्थानिक वेळ समजून दाखवतो. काही कॅमेरे उलट स्थानिकच लिहून ठेवतात. एक्झिफटूलमध्ये क्विकटाइम-यूटीसी नावाचा पर्याय आहे, तो लावून बघा, बरोबर दिसलं तर फाइल ठीक आहे, काही बदलू नका. १९०४ म्हणजे तारीखच नाहीये, खाना शून्य आहे, आणि त्या फॉरमॅटचं शून्य १ जानेवारी १९०४ पासून मोजतात. नक्की आत काय आहे ते नुसतं बघायचं असेल तर मीडियाइन्फो, ते पण मुक्त आहे, कोडेक, बिटरेट, तारखा सगळं एका पानावर.

आणि फोटो बाहेर कुठे टाकायचे असतील तर जीपीएस काढायला विसरू नका. लिनक्सवर मॅट-टू आहे त्यासाठी, एकदम झाडून साफ करतं.

---

मिरजकर_तंबोरा

वा, एका धाग्यात एवढं! एफटीएफवायने युरोवाला फोल्डर बराचसा सुटला, एका कॅसेटचे हलंत मात्र खरंच गेलेत, ते हाताने घालतोय.

अजून दोन अडचणी. एक, गाडीच्या स्टिरिओमध्ये पेनड्राइव्ह लावला तर मराठीच्या जागी चौकोन. दोन, टॅगवरून फाइलींना पूर्ण नावं दिली (गायक - गाणं - नाटक - राग - ठिकाण) आणि सगळं घरच्या एनएएसवर (नेटवर्कवरची सामाईक डिस्क) कॉपी करायला गेलो तर काही फाइलींना 'नाव फार लांब आहे' म्हणून नकार. विंडोजवर त्याच नावाने बसल्या होत्या.

---

रेवा_रेवा

चौकोन म्हणजे टॅग बरोबर आहे, स्टिरिओत देवनागरी फॉन्ट नाहीये. तिथे काही करता येत नाही. गाडीसाठी वेगळी कॉपी करा आणि त्यात टॅग रोमनमध्ये, मूळ संग्रहाला हात नको. संग्रहातच एक सोय करून ठेवा, 'आर्टिस्ट सॉर्ट' म्हणून खाना असतो त्यात रोमन नाव भरा, मग दिसतं मराठी पण क्रम एबीसीडीने लागतो आणि गाडीची कॉपी करताना तेच खाने उचलता येतात.

---

टर्मिनल_तात्या

लांब नावाचं परत तेच ३ बाइटचं गणित. विंडोजच्या एनटीएफएसवर नावाला २५५ 'अक्षरं' चालतात, एनएएसमध्ये बहुतेक लिनक्स आणि ईएक्सटी-४ सारखी फाइलसिस्टीम असणार, तिथे २५५ बाइट. २५५ भागिले ३, म्हणजे ८५ चिन्हं, त्यात काना-मात्रा मोजून. राग आणि ठिकाण टॅगमध्ये आहेच, नावात कशाला. क्रमांक आणि गाण्याचं नाव पुरे.

आणि कॉपी करण्याआधी एक तपासणी करा. एफएफएमपेगला सांगून फक्त आवाजाच्या भागाचा एमडी-५, म्हणजे तपासणीचा आकडा, काढता येतो, टॅग वगळून. कपाटातल्या डिस्कवरच्या फाइलचा आणि दुरुस्त फाइलचा सारखा आला म्हणजे टॅगच्या भानगडीत आवाजाला धक्का लागलेला नाही. छोटी स्क्रिप्ट लिहून सगळ्यांवर चालवा, हवी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, देतो.

---

कीर्तनवेडा

तात्या मला पण स्क्रिप्ट. आणि माझ्याकडे एका बुवांचं सगळं डब्ल्यूएमएत (विंडोजचा ऑडिओ प्रकार) आहे, ते किड-थ्री उघडतं का?

---

रेवा_रेवा

उघडतं आणि लिहितं पण. डब्ल्यूएमएचे टॅग मुळातच यूटीएफ-१६ असतात त्यामुळे तिथे ए-येनची माळ सहसा नसते, कृतिदेव मात्र असू शकतं.